लहान यांत्रिक नौकांच्या इंजिनाची पुनर्बांधणी की बदल : वसई-विरार किनारपट्टीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

उत्तरेस वैतरणा नदीचे मुख आणि दक्षिणेस वसईची खाडी यांच्यामध्ये वसलेल्या वसई तालुक्याचा इतिहास हा मोठ्या प्रमाणावर पाण्याशी जोडलेला इतिहास आहे. सोपारा हे प्राचीन बंदर, पोर्तुगीज काळातील वसईची जहाजबांधणी आणि १७३९ मधील चिमाजी अप्पांची वसईची मोहीम हे या इतिहासाचे परिचित टप्पे होत. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या काळात नागरीकरणाचा वेग वाढला व लोकांचे लक्ष लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंच्या वसाहतींकडे वळले. तथापि अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव या किनाऱ्यावरील वस्त्यांचे अर्थकारण आजही बऱ्याच अंशी लहान यांत्रिक नौकांवर अवलंबून आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या नौका शिडाच्या व वल्ह्याच्या बळावर चालत. १९५० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे नौकातज्ज्ञ भारतात आले आणि त्याच सुमारास मुंबईच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर मच्छीमार नौकांच्या यांत्रिकीकरणास चालना मिळाली. इंजिनामुळे नौका वाऱ्याच्या लहरीतून मुक्त झाली. परंतु तिचा मालक एका नव्या प्रश्नात अडकला. शीड फाटले तर ते घरी शिवता येत असे. इंजिन दमले तर काय करावे, हा प्रश्न मात्र कारागीर, दुकानदार, पतसंस्था आणि शासकीय कार्यालय या सर्वांपर्यंत जातो.

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, जाळी विणली जातात आणि इंजिने उघडली जातात. याच काळात नाखव्यासमोर प्रश्न उभा राहतो : आहे ते इंजिन पूर्णपणे खोलून पुन्हा बांधावे, त्याच ताकदीचे नवे घ्यावे, की या निमित्ताने अधिक अश्वशक्तीचे घ्यावे? चुकीच्या निर्णयाची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. अनावश्यक नव्या इंजिनाचे कर्ज अनेक हंगामांची मिळकत खाऊन टाकते. तर ज्याचा आयुष्यकाल संपला आहे असे इंजिन डागडुजी करून समुद्रात नेल्यास खलाशांच्या जिवाशी खेळ होतो. म्हणूनच हा विषय केवळ यंत्रदुरुस्तीचा न राहता पदार्थविज्ञान, वाणिज्य आणि समाजशास्त्र या तिन्ही विषयांच्या सीमेवर येतो.

उद्दिष्टे :

१. इंजिनाची पुनर्बांधणी, बदल आणि शक्तिवाढ या तीन पर्यायांतील फरक स्पष्ट करणे.
२. नौकेचा आकार, वेग आणि अश्वशक्ती यांचा संबंध समजावून देणे.
३. निर्णयापूर्वी करावयाच्या तपासण्यांचा क्रम मांडणे.
४. इंधन व भांडवल यांच्या हिशोबाची सोपी पद्धत सुचविणे.

१. तीन पर्याय : संकल्पना स्पष्टीकरण

बोलीभाषेत ‘इंजिनाचे काम काढणे’ या एकाच शब्दप्रयोगात निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. कारागिरांच्या भाषेत ‘हाफ इंजिन’ म्हणजे हेड उतरवून व्हॉल्व्ह घासणे, पिस्टनच्या रिंगा व लायनर बदलणे, नोझल तपासणे इत्यादी मर्यादित काम. ‘फुल इंजिन’ म्हणजे क्रँकशाफ्टसह सर्व भाग बाहेर काढून, मोजून, झिजलेले बदलून इंजिन नव्याने जुळविणे. प्रस्तुत लेखात पुनर्बांधणी हा शब्द या दुसऱ्या अर्थाने वापरला आहे.

बदल म्हणजे जुने इंजिन काढून जवळपास तितक्याच अश्वशक्तीचे दुसरे बसविणे. शक्तिवाढ म्हणजे बदल करतानाच अश्वशक्ती वाढविणे. बदल आणि शक्तिवाढ यांचा विचार एकत्र केला जातो आणि तेथेच पहिली चूक होते. इंजिन जुने झाले आहे हे ते बदलण्याचे कारण असू शकते. परंतु ते अधिक ताकदीचे घेण्याचे कारण नव्हे. शक्तिवाढीला स्वतंत्र कारण लागते व ते इंजिनात नव्हे, तर नौकेच्या आकारात आणि कामात शोधावे लागते.

२. नौकेचे काम आणि इंजिनाचे काम

वसईच्या किनाऱ्यावरील पारंपरिक मासेमारीत डोल जाळ्याला महत्त्वाचे स्थान आहे. पिशवीसारखे हे जाळे समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांच्या आधारे प्रवाहात उभे केले जाते. भरती-ओहोटीचा प्रवाहच त्याचे तोंड उघडे ठेवतो आणि बोंबील, जवळा, मांदेली यांसारखी मासळी त्यात लोटतो. प्रवाह उलटण्यापूर्वी जाळे उचलावे लागते. येथे मासे पकडण्याचे श्रम समुद्राचा प्रवाह करतो. इंजिनाचे मुख्य काम खुंटांपर्यंत जाणे व मासळी घेऊन वेळेत परतणे एवढेच असते. जाळे पाण्यात असताना इंजिन बंद असते.

याउलट ट्रॉलिंगमध्ये जाळे तळावरून ओढत न्यायचे असते. तेथे इंजिन तासन्‌तास भाराखाली चालते आणि ओढीसाठी खरोखरच अधिक शक्ती लागते. तिसरा प्रकार प्रवासी होड्यांचा. अर्नाळा गाव आणि वैतरणेच्या मुखाशी असलेले अर्नाळा किल्ला हे बेट यांच्यातील फेऱ्या अंतराने लहान, परंतु दैनंदिन आणि अपरिहार्य आहेत. तेथे वेगापेक्षा खात्रीला महत्त्व आहे.

यावरून असे दिसून येते की, ‘किती अश्वशक्ती हवी’ या प्रश्नाला सर्व नौकांसाठी एकच उत्तर असू शकत नाही. शेजारच्या नौकेवर मोठे इंजिन बसले म्हणून आपल्याही नौकेवर बसविणे ही तुलना अनेकदा दोन भिन्न कामांची तुलना ठरते.

३. वेगाची नैसर्गिक मर्यादा

पाणी बाजूला सारत चालणाऱ्या नौकेच्या वेगाला तिच्या लांबीने घातलेली मर्यादा असते. इंग्लंडमधील अभियंता विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात टॉर्की येथे कृत्रिम जलकुंडात नौकांच्या प्रतिकृती ओढून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. नौका चालताना स्वतःच लाटा निर्माण करते. वेग वाढतो तशी लाटेची लांबी वाढते. ती नौकेच्या पाण्यालगतच्या लांबीएवढी झाली की नौकेचा पुढचा भाग एका लाटेच्या माथ्यावर व मागचा भाग पुढच्या लाटेजवळ येतो. त्यापुढे वेग वाढवायचा म्हणजे नौकेने जणू स्वतःच्याच लाटेचा चढ चढावयाचा असतो.

ही मर्यादा ढोबळमानाने काढण्याचे सूत्र सोपे आहे : पाण्यालगतच्या लांबीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाला २.४३ ने गुणले असता वेग नॉटमध्ये मिळतो. लांबी ९ मीटर असेल तर वर्गमूळ ३, म्हणजे मर्यादा सुमारे ७.३ नॉट, अर्थात तासाला साधारण १३.५ किलोमीटर. इंजिन कितीही मोठे असले तरी भरलेली, जड लाकडी नौका या वेगापलीकडे सहजासहजी जात नाही. हलक्या, सपाट तळाच्या फायबरच्या होड्या पाण्यावरून घसरत जाऊ शकतात व त्यांना हे सूत्र लागू पडत नाही. मात्र जाळी, बर्फ आणि मासळीने लादलेली नौका त्या वर्गात येत नाही.

या मर्यादेच्या आतही वेगाची किंमत मोठी आहे. लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, एखाद्या नौकेला ६ नॉट वेगासाठी २० अश्वशक्ती लागते. वेग केवळ १० टक्क्यांनी वाढवून ६.६ नॉट करावयाचा तर १.१ चा घन, म्हणजे १.३३ पट, सुमारे २७ अश्वशक्ती लागेल. १२ सागरी मैलांच्या अंतरासाठी १२० मिनिटांऐवजी १०९ मिनिटे लागतील. अकरा मिनिटे वाचली. परंतु त्या अंतरासाठी लागणारे इंधन सुमारे २१ टक्क्यांनी वाढले. मर्यादेच्या जवळ जाताना हे प्रमाण घनापेक्षाही अधिक बिघडते. उलट वेग १० टक्क्यांनी कमी केल्यास त्याच अंतरावर सुमारे १९ टक्के इंधन वाचते.

बंगालच्या उपसागरातील लहान मासेमारीसाठी काम करणाऱ्या अन्न व कृषी संघटनेच्या प्रकल्पात नौकाअभियंता गुलब्रांडसेन यांनी १९८६ मध्ये लहान नौकांच्या इंधनखर्चावर पुस्तिका सिद्ध केली. वेग आवरणे, तळ स्वच्छ ठेवणे आणि मोठा, संथ फिरणारा पंखा वापरणे ही इंधनबचतीची सूत्रे आजही तितकीच लागू आहेत. लक्षणीय बाब अशी की, यांपैकी पहिल्या दोन उपायांना नवे इंजिन लागत नाही.

४. इंजिनावर दोष ठेवण्यापूर्वी

नौका पूर्वीसारखी चालत नाही, धूर फार येतो, डिझेल जास्त लागते, या तक्रारींचा रोख लगेच इंजिनाकडे वळतो. वस्तुतः याच लक्षणांची कारणे अनेकदा इंजिनाबाहेर असतात. तळाला चिकटलेले शेवाळ व शिंपले पाण्याचा विरोध वाढवितात. पंख्याचे पाते वाकले वा झिजले असेल, शाफ्ट सरळ रेषेत नसेल, इंजिनाच्या खोलीत पुरेशी हवा येत नसेल किंवा डिझेलची गाळणी तुंबली असेल, तर निरोगी इंजिनही दमल्यासारखे वागते. म्हणून नौका किनाऱ्यावर घेतल्यानंतर प्रथम तळ, पंखा आणि शाफ्ट पाहावा, इंजिन त्यानंतर.

धुराचा रंग हे जुन्या कारागिरांचे पहिले निदानसाधन असून त्यामागे शास्त्र आहे. काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही. नोझल बिघडले, हवा कमी पडली किंवा इंजिनावर त्याच्या कुवतीपेक्षा मोठा पंखा लादला गेला. निळा धूर म्हणजे वंगणतेल जळत आहे. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हच्या गाइड झिजल्या. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकून राहिला तर न जळलेले इंधन किंवा सिलिंडरमध्ये शिरणारे पाणी यांचा संशय घ्यावा. काळ्या धुरावर बहुधा किरकोळ खर्चात उपाय होतो. निळा व टिकून राहणारा पांढरा धूर मात्र इंजिन उघडण्याची सूचना देतो.

यानंतरच्या तपासण्या मोजमापाच्या आहेत. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. सर्व सिलिंडरांचा दाब सारखाच थोडा उतरला असेल तर ती वयानुरूप झीज होय. एकाच सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी असेल तर तेथे विशिष्ट दोष आहे. तेल दुधाळ झाले असल्यास त्यात पाणी मिसळले आहे. तेलात धातूची चमक दिसल्यास बेअरिंग झिजत आहेत. इंजिन गरम असताना व संथ चालताना तेलाचा दाब घसरत असेल तर क्रँक आणि बेअरिंग यांच्यातील अंतर वाढले आहे. या सर्व तपासण्या इंजिन न खोलता होतात, म्हणून त्या बंदी सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यातच करणे श्रेयस्कर ठरते. सुटे भाग मागविण्यास आणि लेथवरील कामास लागणारा वेळ ६१ दिवसांतूनच काढावयाचा असतो.

५. पुनर्बांधणी केव्हा योग्य?

इंजिनाचे दोन भाग त्याचे आयुष्य ठरवितात : ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट. बाकीचे बहुतेक भाग झिजण्यासाठी व बदलण्यासाठीच घडविलेले असतात. सुटे लायनर असलेल्या डिझेल इंजिनात लायनर, पिस्टन आणि रिंगा यांचा संच बदलला की सिलिंडर पुन्हा मूळ मापाचा होतो. क्रँकशाफ्ट घासून ०.२५, ०.५०, ०.७५ मिलिमीटर अशा टप्प्यांनी लहान मापाला आणता येतो व त्या मापाचे बेअरिंग बसविता येतात. क्रँक शेवटच्या टप्प्यापर्यंत घासून झाला असेल तर ही त्याची अखेरची पुनर्बांधणी समजावी.

समुद्रावरील इंजिनाचा खरा शत्रू झीज नसून मीठ आहे. खारे पाणी थेट इंजिनातून फिरविण्याच्या पद्धतीत पाण्याच्या वाटा आतून खाल्ल्या जातात. शिवाय इंजिन अधिक तापल्यास क्षार साचून त्या वाटा अरुंद होतात. ब्लॉकची भिंत आतून पातळ झाली असेल किंवा त्यात तडा असेल, तर नवा पिस्टन बसवून काहीही साध्य होत नाही. म्हणून खोललेला ब्लॉक स्वच्छ धुऊन, पाण्याच्या दाबाखाली तपासून घेणे आणि शंकास्पद जागी रंगद्रव्य वापरून तडा शोधणे ही पुनर्बांधणीतील सर्वांत महत्त्वाची पायरी होय. नवे भाग विकत घेण्याचा निर्णय या तपासणीनंतर व्हावा. अनेकदा क्रम उलटा होतो. भाग आधी खरेदी होतात, ब्लॉकमधील तडा नंतर सापडतो आणि मग ‘एवढा खर्च झालाच आहे’ या विचाराने सदोष ब्लॉकवरच काम पूर्ण केले जाते. अर्थशास्त्रात बुडीत खर्च या नावाने ओळखला जाणारा हा विचारदोष येथे जिवावर बेतू शकतो.

ब्लॉक निर्दोष आहे, क्रँकमध्ये माप शिल्लक आहे, सुटे भाग सहज मिळतात, त्या प्रकारच्या इंजिनाचा हात बसलेला कारागीर बंदरावर आहे आणि नौकेचे काम बदललेले नाही, या पाच अटी पूर्ण होत असतील तर पुनर्बांधणी हाच सामान्यतः योग्य निर्णय ठरतो. मात्र त्यात फ्युएल पंपाचे कॅलिब्रेशन, नोझल, पाण्याचा पंप, गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या बैठका यांचाही समावेश असावा. समुद्रात बंद पडणारी इंजिने सर्वच पिस्टनमुळे बंद पडत नाहीत. रबरी नळी, पाण्याचा पंप किंवा इंधनातील पाणी हीदेखील कारणे असतात.

६. बदल केव्हा योग्य?

ब्लॉक किंवा क्रँक निकामी होणे, त्या बनावटीचे सुटे भाग बाजारातून नाहीसे होणे आणि थोड्याच काळात पुन्हापुन्हा तोच दोष उद्भवणे ही बदलाची स्पष्ट कारणे होत. मूळ इंजिन मालमोटारीचे असून ते नौकेसाठी जुळवून घेतलेले असल्यास अधिक सावधगिरी हवी. असे इंजिन स्वस्त असते व त्याचे भाग सर्वत्र मिळतात. परंतु खाऱ्या पाण्यासाठी लागणारा हीट एक्स्चेंजर, पाण्याने थंड होणारा मॅनिफोल्ड आणि योग्य मरीन गिअरबॉक्स यांची जुळणी अपुरी असेल, तर स्वस्ताई फार काळ टिकत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांसाठी भारत स्टेज सहा मानके लागू झाली. या मानकांच्या मालमोटारींची इंजिने इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालतात. ती जसजशी जुन्या बाजारात येतील तसतशी, खाऱ्या हवेत संवेदकांची आणि तारांची काळजी घेण्याचा नवा प्रश्न बंदरावरील कारागिरांपुढे उभा राहील. ज्याचा फ्युएल पंप यांत्रिक आहे असे जुने, निर्दोष इंजिन भंगारात काढताना ही बाब लक्षात ठेवावी.

नव्या इंजिनाची किंमत म्हणजे केवळ इंजिनाची किंमत नव्हे. त्याची फेऱ्यांची गती वेगळी असेल तर गिअरबॉक्सचे प्रमाण व पंखा बदलावा लागतो. वजन व लांबी वेगळी असेल तर लाकडी बैठका नव्याने घालाव्या लागतात. शाफ्टचा व्यास वाढला तर नौकेच्या मागील भागातील छिद्रही बदलते. जुन्या सांगाड्यावर मोठे इंजिन बसविल्यास कंप वाढून सांधे ढिले होण्याचा धोका असतो. सांगाड्याचे आयुष्य किती उरले आहे हा प्रश्न म्हणूनच इंजिनाच्या प्रश्नाआधी विचारावयास हवा. सांगाडा अल्पकाळच टिकणार असेल तर पुढच्या नौकेवरही बसविता येईल असेच इंजिन निवडणे हितावह ठरते.

बाहेरून लावण्याच्या आउटबोर्ड इंजिनाचा विचार थोडा वेगळा आहे. केरोसीनवर चालणारी दोन स्ट्रोकची इंजिने हलकी व सुटसुटीत असली तरी तितक्याच कामासाठी ती डिझेल इंजिनाच्या जवळपास दुप्पट इंधन घेतात. त्यांचा पाण्यात बुडणारा खालचा भाग क्षाराने खाल्ला गेला असेल तर वरच्या भागाची पुनर्बांधणी करणे बहुधा व्यर्थ जाते. प्रत्येक वापरानंतर गोड्या पाण्याने धुणे हा त्यांचे आयुष्य वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

७. हिशोबाची पद्धत

नवे इंजिन इंधन वाचविते हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. किती तास चालल्यावर वाचविते, हा खरा प्रश्न होय. खालील आकडे केवळ गणिताच्या सोयीसाठी गृहीत धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या नौकेचे आकडे त्या जागी घालावेत.

सरासरी २० अश्वशक्ती देणारे सुस्थितीतील डिझेल इंजिन तासाला सुमारे ४ लिटर डिझेल घेते. पुनर्बांधणी केलेल्या इंजिनापेक्षा नवे इंजिन १० टक्के इंधन वाचविते असे मानू. पुनर्बांधणीपेक्षा नव्या इंजिनाचा सर्व जोडकामासह जादा खर्च २ लाख रुपये आणि डिझेलचा दर लिटरला ९० रुपये धरू.

पहिली नौका वर्षाला १,००० तास चालते. तिचे इंधन ४,००० लिटर, बचत ४०० लिटर, म्हणजे ३६,००० रुपये. जादा खर्च सुमारे साडेपाच वर्षांत भरून निघतो. दुसरी नौका वर्षाला केवळ २०० तास चालते. तिची बचत ८० लिटर, म्हणजे ७,२०० रुपये. तोच जादा खर्च भरून निघण्यास जवळजवळ २८ वर्षे लागतील, अर्थात तो कधीच भरून निघणार नाही. इंजिन तेच, दर तोच, तरीही निर्णय परस्परविरुद्ध. कर्जावरील व्याज धरल्यास दोन्ही मुदती आणखी लांबतात.

या हिशोबातील सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे वार्षिक तास, आणि नेमका तोच बहुधा नोंदलेला नसतो. डिझेलच्या पावत्या परताव्यासाठी जपल्या जातात. इंजिन किती तास चालले याची वही मात्र क्वचितच आढळते. तासांची नोंद नसल्याने इंजिनाचे वय वर्षांत मोजले जाते. वस्तुतः डोल जाळ्यावरील दहा वर्षांचे इंजिन ट्रॉलरवरील चार वर्षांच्या इंजिनापेक्षा ‘तरुण’ असू शकते.

८. नोंदणी आणि प्रवासी सुरक्षितता

मासेमारी नौकेच्या नोंदणीत इंजिनाचा तपशील व अश्वशक्ती नमूद असते. पुनर्बांधणीत हा तपशील बदलत नाही. इंजिन बदलल्यास मात्र मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. राज्य शासनाकडून सहकारी संस्थांमार्फत मिळणारा डिझेलवरील कराचा परतावा नोंदणीकृत नौकांसाठीच असल्याने कागदोपत्री इंजिन आणि प्रत्यक्ष इंजिन यांत तफावत राहणे मालकाच्या हिताचे नसते. विमा असल्यास त्यालाही हीच बाब लागू होते.

प्रवासी होडीच्या बाबतीत हिशोबाचे स्वरूप बदलते. अर्नाळा किल्ला बेटावरील रहिवाशांना बाजार, शिक्षण, वैद्यकीय उपचार यांसाठी होडीशिवाय दुसरा मार्ग नाही. तेथे वर्षाचे तास कमी असल्याने इंधनबचतीचे गणित नव्या इंजिनाच्या विरुद्ध जाते; परंतु ओहोटीच्या जोरात मुखाशी इंजिन बंद पडणे याची किंमत रुपयांत मांडता येत नाही. अशा होडीसाठी ‘चालते आहे तोवर चालवू’ ही भूमिका सर्वांत महागडी होय. पुनर्बांधणी असो वा बदल, तो इंजिन बंद पडण्यापूर्वी, ठरावीक तासांनंतर व्हावयास हवा. वसई-भाईंदर रो-रो सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यानंतर खाडीतील जलवाहतूक पुन्हा चर्चेत आली. मोठ्या नौकांना लावली जाणारी नियमित तपासणीची शिस्त लहान होड्यांनाही लाभावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

ठरावीक आणि लहान अंतराच्या फेऱ्यांसाठी चौथा पर्यायही आता विचारात घेता येतो. केरळमध्ये वैकोम ते तवणक्कडवू या मार्गावर जानेवारी २०१७ मध्ये ‘आदित्य’ ही सौर ऊर्जेवरील प्रवासी नौका सुरू झाली. तेथील शांत सरोवर आणि वैतरणेचे भरती-ओहोटीने ढवळणारे मुख यांत मोठा फरक असल्याने अनुकरण घाईने करू नये. तथापि पुढील इंजिनबदलाच्या वेळी हा पर्यायही तपासून पाहण्यास हरकत नाही.

निष्कर्ष :

१. इंजिनाचा निर्णय हा प्रथम नौकेचा, मग कामाचा, मग वार्षिक तासांचा आणि शेवटी इंजिनाचा निर्णय असतो. प्रत्यक्षात हा क्रम उलटा घेतला जातो.

२. पाणी सारत चालणाऱ्या लहान नौकेवर केवळ वेगासाठी शक्तिवाढ करणे हे निसर्गनियमाच्या विरुद्ध जाते. काही मिनिटांसाठी हंगामभर डिझेल मोजावे लागते. ओढीचे काम वाढले असेल तरच शक्तिवाढीचे समर्थन होऊ शकते.

३. ब्लॉक व क्रँक निर्दोष असल्यास, सुटे भाग आणि कारागीर उपलब्ध असल्यास, डोल जाळ्यावरील नौकेसाठी पुनर्बांधणी हा बहुधा योग्य पर्याय होय. ब्लॉक सदोष असल्यास मात्र कोणतीही काटकसर पुनर्बांधणीचे समर्थन करू शकत नाही.

४. जास्त तास चालणाऱ्या नौकेला नवे इंजिन परवडते. कमी तास चालणाऱ्या नौकेला ते केवळ सुरक्षिततेच्या कारणानेच घ्यावे लागते.

शिफारशी :

१. प्रत्येक यांत्रिक नौकेवर तास, डिझेल, तेल आणि दुरुस्ती यांची साधी वही ठेवावी. मच्छीमार सहकारी संस्थांनी तिचा नमुना छापून द्यावा.

२. मे महिन्यात सिलिंडरचा दाब व तेल तपासण्याची शिबिरे बंदरांवर घेण्यात यावीत. परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालये व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांतील विद्यार्थ्यांसाठी हा प्रात्यक्षिकाचा उत्तम विषय ठरेल.

३. वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी परतफेडीच्या मुदतीचे गणित शिकविताना कारखान्यातील यंत्राऐवजी किनाऱ्यावरील नौकेचे उदाहरण घ्यावे. वसई-विरारच्या वर्गांत बसणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या घरी हाच हिशोब दर पावसाळ्यात मांडला जातो, आणि तो बहुधा कागदाविना मांडला जातो.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून नौका पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. त्या दिवशी इंजिन सुरू होणे ही आनंदाची बाब खरीच. परंतु ते पुढील मे महिन्यापर्यंत खात्रीने चालेल काय, याचे उत्तर त्याआधीच्या ६१ दिवसांत घेतलेल्या निर्णयातच दडलेले असते.